डावीकडे पाण्याचा आवाज येईल

कतारच्या दोह्यात सुवास घर्तीने सहा वर्षं पार्सलं वाटली, ती जवळजवळ न बोलताच. तिथे प्रत्येक भिंतीवर निळी पाटी आणि पाटीवर आकडे असत. दारातून एक हात बाहेर येई, वस्तू घेई आणि दार मिटे. आता तो मायदेशी नेपाळात परतून तेच काम करत होता, पण भक्तपूरच्या गल्ल्यांना आकडे ठाऊक नाहीत. इथे फोन लावायचा आणि पलीकडच्या आवाजाचं बोट धरून चालायचं.

या आवाजांचा त्याला लळा लागला होता. दोह्याहून त्याने आईला पाठवलेली शाल 'घर सापडलं नाही' असा शिक्का घेऊन परत आली, तेव्हा आईला जाऊन अकरा दिवस झाले होते. आपल्या हातचं एकही पार्सल माघारी जाऊ द्यायचं नाही, हे त्याने तेव्हाच मनाशी पक्कं केलं.

दसैंच्या, म्हणजे नेपाळी दसऱ्याच्या, आदल्या आठवड्यातल्या एका दुपारी पिशवीत एकच पार्सल उरलं होतं. ते दोह्याहून आलेलं होतं, ज्ञानमाया नावाच्या बाईंसाठी. त्याने त्यावरचा नंबर लावला.

"पिंपळापाशी पोचलास ना?" म्हाताऱ्या बाईचा आवाज लगेच आला. "बाकीचे तिथूनच फिरतात."

"मी नाही फिरणार, आमा. सांगा."

"धर्मशाळेत म्हातारे पत्ते कुटत असतील. त्यांच्या नादी लागू नकोस, तुला चौथा भिडू करतील. वळसा घालून खाली ये."

धर्मशाळा नव्हती. खांबांखालचे चार दगडी उथळे तेवढे उरले होते आणि त्यांच्यामध्ये मिरच्या वाळत घातल्या होत्या. त्याने मिरच्या हलवणाऱ्या बाईला विचारलं.

"ज्ञानमाया?" तिचा हात थांबला. "ती भूकंपात गेली, घरासकट. मुलगा दर दसैंला पाठवतो. त्याला सांगून सांगून आमच्या जिभा झिजल्या. परत पाठव भाऊ, सगळे तेच करतात."

फोन त्याच्या कानाशीच होता. "शोभा भेटली वाटतं," आवाज हसला. "तिला ऐकणारा मिळाला की संध्याकाळ करते. चल पुढे. डावीकडे पाण्याचा आवाज येईल."

पायऱ्या उतरल्यावर पाण्याची धार होती, म्हणजे तिचं कोरडं दगडी तोंड तेवढं उरलं होतं. त्यात कोळ्याने जाळं विणलं होतं. तरी सुवासच्या डाव्या कानात तांब्याची घागर भरत राहिली. तळाशी जड असलेला तो नाद चढत चढत बारीक झाला आणि काठाशी येऊन थांबला.

पुढे दोन घरांच्या मध्ये मोकळी जागा होती. गुडघाभर गवत वाढलेलं होतं.

"दिसलास. किती वाळलायस रे. जेवलास तरी का?"

त्याने मान वर केली. तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर निव्वळ आकाश होतं आणि कुणाचा तरी पतंग. मोबाइलवर दोन चौकोन उमटले होते, 'पोचलं' आणि 'परत'. अंगठा दुसऱ्यावर जाऊन टेकला. क्षणभर तिथेच राहिला. मग त्याने तो उचलून घेतला.

"आमा, दार कुठे आहे?"

"समोरच आहे की. वाक जरा, चौकट ठेंगणी आहे. परदेशातून आलेले ताठ चालतात आणि टेंगूळ घेऊन बसतात."

सुवासने हेल्मेट काढलं. घरात शिरताना काढतात तसे बूटही काढले. पार्सल छातीशी धरून त्या उघड्या हवेत तो वाकला आणि त्याने एक पाऊल पुढे टाकलं. केसांना लाकूड घासून गेलं. पायाला गवत लागलं नाही. शेणाने सारवलेली गार जमीन लागली.