लुगोवोचे तेल लावलेले पेन

निकाल लागला त्या दिवशी लुगोवोची टेकडी हालत असल्यासारखी दिसत होती. ओढ्याच्या अलीकडे, आमच्या मुसेंडा गावात, आम्ही हातातली कामे टाकून उभे होतो आणि बघायचे नसताना बघत होतो. पलीकडे बायका हिरव्या फांद्या नाचवत होत्या. तरुणांनी शाळेच्या मुख्याध्यापकांना खांद्यावर घेतले होते आणि त्यांच्याही पुढे, वेगळ्या चार खांद्यांवर, पांढऱ्या झग्यातली एक रुंद मूर्ती दोन्ही हात आभाळाकडे करून बसली होती. ते प्रेषित अमुगुने. मुख्याध्यापकांना दोन माणसे पुरली होती.

लुगोवोच्या माध्यमिक शाळेची सरासरी एका वर्षात बारापैकी साडेचारवरून सातवर गेली होती. आमची पाचवरून चारवर उतरली होती. सरकार आता शाळांची क्रमवारी लावत नाही. ते काम आमच्याकडे चहाच्या टपऱ्या आणि मोटारसायकलवाले करतात, आणि त्यांनी दुपारपर्यंत विभागातली एकूण एक शाळा ओळीने उभी केली होती. लुगोवो वर, आम्ही तळाशी. ज्या लुगोवोत काल-परवापर्यंत शाळेला धड फाटक नव्हते, ते लुगोवो. माझ्या छातीत जळजळ सुरू झाली आणि ओल्या सरपणासारखी ती कित्येक दिवस धुमसत राहिली. मी एकटाच नव्हतो. त्या आठवड्यात मुसेंडात कोणी कोणाला नीट उत्तर दिले नाही.

चमत्काराचे कारण सर्वांना ठाऊक होते. शेवटच्या परीक्षेआधी आमच्या भागातली प्रत्येक शाळा प्रार्थनेचा दिवस ठेवते. आईबाप येतात, पाद्री येतो, मुलांवर हात ठेवले जातात, जेवण होते. लुगोवोने या वेळी साध्या पाद्रीऐवजी प्रेषित अमुगुने यांना बोलावले होते. त्यांनी जनित्र लावून, कर्ण्यातून, टेकडी दणाणून सोडली आणि प्रत्येक मुलाच्या पेनाला तेल लावले. एका पेनात सात देवदूत उतरतात, असे त्यांचे म्हणणे. गणिताला एक, भाषांना एकेक, रसायनशास्त्राला मात्र दोन, कारण रसायन जड आहे. पेन त्यांचेच घ्यावे लागे. दुकानातल्या पेनात देवदूत टिकत नाहीत, कारण त्याचे टोपण सैल असते. एका पेनाला एक कोंबडी, तीही अंडी घालणारी. त्या संध्याकाळी त्यांची गाडी टपावर खुराडी बांधून टेकडी उतरली, तेव्हा देवदूतांपेक्षा कलकलाट कोंबड्यांचाच जास्त होता.

मी हसलो होतो. निकालानंतर कोणी हसेना. आमच्या पालक समितीचे अध्यक्ष इंबुगा यांनी जाहीर केले की, शाळा उघडताच सभा घ्यायची, मुख्याध्यापिका कागेहा यांना बदलीचा अर्ज द्यायला लावायचा, न दिल्यास फाटकाला कुलूप घालायचे, आणि पुढच्या वर्षासाठी प्रेषितांना त्याच सभेत आमंत्रण द्यायचे. माझी बायकोसुद्धा त्या बाजूची झाली. ती म्हणाली की, बाई चांगल्या आहेत, पण चांगुलपणाला कोणी गुण देत नाही.

माझा मेहुणा एगाद्वा लुगोवोचा. तिथल्या पालक समितीचा तोच अध्यक्ष. निकालानंतरच्या रविवारी तो बहिणीला भेटायला आला, म्हणजे मला बघायला आला. मेहुणा घरी आला की कोंबडी कापावी लागते आणि तिचा पेटा, तो मानाचा तुकडा, पाहुण्याच्या ताटात वाढावा लागतो. मी तो वाढला. त्याने तो सावकाश चावला.

"दाजी, तुम्ही यंत्रातली माणसं. तुमचा विश्वास नाही, मला माहीत आहे," तो म्हणाला. "पण सात म्हणजे सात. आकडा काही खोटं बोलत नाही."

"आकडा बोलतच नाही. बोलतो तो आकडा सांगणारा."

"जळतं वाटतं थोडं?"

"थोडं नाही," मी म्हणालो.

तो मनापासून हसला आणि मग, सुखात असलेली माणसे बोलतात तसे, जरुरीपेक्षा जास्त बोलला. शाळा कशी बदलली, शिस्त कशी आली, पूर्वी शेवटच्या वर्गात एका बाकावर तिघे दाटीने बसत, यंदा ऐसपैस बसून मुले अभ्यास करत होती. मी विचारले की, बाक नवे केले का. तो म्हणाला, नाही, बाक तेच. मग मुले कमी झाली का, असे मी विचारले, तेव्हा त्याला उगालीचा, मक्याच्या घट्ट उकडीचा, घास एकदम गरम लागला आणि त्याने बहिणीकडे पाणी मागितले.

मी किसुमू शहरातल्या तंत्रविद्यालयात शिकलो आणि उभे आयुष्य चहाच्या कारखान्यात यंत्रे राखली. कारखान्याचा चहा चांगला निघाला एवढ्याने तिथे कोणी यंत्राला शाबासकी देत नाही. आत पाला कोणता आला, किती आला आणि काट्यावरून परत किती पाठवला, हे आधी विचारतात. एका हंगामात शेजारच्या कारखान्याचा चहा आमच्यापेक्षा फार वरचढ निघू लागला. आमच्या साहेबांनी आम्हाला फैलावर घेतले. पुढे उलगडा झाला, तो असा की, त्यांनी जाड पाला नाकारायला सुरुवात केली होती आणि नाकारलेला पाला शेतकरी आमच्या दारात आणून टाकत होते. त्यांची यंत्रे होती तशीच होती. आमचीही होती तशीच होती.

दुसऱ्या दिवशी मी कागेहाबाईंकडे गेलो. त्या वर्गात एकट्याच फळा पुसत होत्या. मी सरळ विचारले की, लुगोवोची मुले आपल्या केंद्रावर परीक्षेला बसली होती का. त्यांनी आधी खिडकी लावली. मग सांगितले की, तिथे माध्यमिकच्या चारपैकी तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस कच्च्या मुलांच्या आईबापांना बोलावून, एकतर वर्ष पुन्हा करा नाहीतर नाव दुसऱ्या केंद्रावर घाला, असे बजावले गेले. इतर शाळांनी दार लावून घेतले. ती मुले ओढा ओलांडून इथे आली. वर्ष वाया जाऊ नये म्हणून बाईंनी बावीस जणांना घेतले, आणि शिकवायला जेमतेम काही महिने मिळाले.

"मग बाई, हे सभेत का सांगत नाही? तुमची नोकरी जाते आहे."

"सांगितलं तर लोक विचारतील, कोण ती मुलं. आणि मग ती जन्मभर 'लुगोवोने टाकलेली' म्हणून ओळखली जातील. मी त्यांच्या आयांना शब्द दिलाय, काका. तुम्हीही नावं काढायची नाहीत."

मी कबूल केले. परत येताना जळजळ होतीच, पण तिला आता दिशा मिळाली होती.

सभेच्या दिवशी पटांगण भरले. लुगोवोचे लोकही आले, वाजतगाजत, प्रेषितांना घेऊन. जखमेवर मीठ चोळण्याची संधी कोण सोडतो? एगाद्वा पुढच्या खुर्चीवर बसला. कागेहाबाई एका कडेला उभ्या होत्या, त्यांना खुर्ची कोणी दिली नव्हती. इंबुगा यांनी दोन आकडे वाचले, सात आणि चार, आणि बाईंनी आता स्वतःहून निर्णय घ्यावा असे सुचवले. प्रेषितांनी कर्णा हाती घेऊन सांगितले की, मुसेंडावर आळसाचा दुष्टात्मा बसला आहे, तो नेमका कर्मचाऱ्यांच्या खोलीच्या छपरावर आहे, आणि त्यांना तो इथून दिसतो आहे. बऱ्याच जणांनी माना वळवून छपराकडे पाहिले. मीही पाहिले. छपरावर एक फुटकी बादली होती.

मी बोलायची परवानगी मागितली. म्हाताऱ्याला नाही म्हणणे आमच्याकडे बरे दिसत नाही. मी म्हणालो की, प्रेषितांना बोलवायचे तर आधी त्यांची शक्ती सर्वांसमक्ष बघूया. पलीकडे बायका सभेच्या जेवणासाठी घेवडा निवडत होत्या. तिथून दोन सुपे मागवली, एकाच पोत्यातला घेवडा दोन्हींत ओतला आणि मेजावर ठेवली. एका सुपाचे नाव लुगोवो, दुसऱ्याचे मुसेंडा. प्रेषितांना विनंती केली की, लुगोवोच्या सुपाला तेल लावून प्रार्थना करावी. अशी विनंती नाकारणे त्यांच्या धंद्यात बसत नाही. त्यांनी डोळे मिटले, हात उंचावले आणि सातही देवदूतांना नावानिशी हाका मारल्या.

ते हाका मारत होते तोवर मी लुगोवोच्या सुपातले सुरकुतलेले, किडके, बारके दाणे वेचून मुसेंडाच्या सुपात टाकत होतो. लपवून नव्हे, सर्वांदेखत. पुढच्या रांगेतली एक म्हातारी खुदकन हसली, मग तिच्यामागची. प्रेषितांना ती भक्तीची लहर वाटली आणि ते आणखी मोठ्याने ओरडू लागले.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा मी दोन्ही सुपे उचलून लोकांना दाखवली. एकात नुसता टपोरा घेवडा, दुसऱ्यात किडक्या-बारक्या दाण्यांची भर.

"लुगोवोचा घेवडा फुगला की नाही?" मी विचारले.

"फुगला कसला," हसलेली म्हातारी म्हणाली. "किडका तू इकडे टाकलास. आम्ही काय आंधळ्या आहोत?"

"एकतरी दाणा मोठा झाला?"

"एकही नाही."

"मग लुगोवोने काय केलं?"

कोणीतरी एगाद्वाकडे पाहिले, मग दुसऱ्याने, मग सर्वांनी. तो म्हणाला की, दाजींना जुने खेळ दाखवायची हौस आहे, शाळा म्हणजे सूप नव्हे, आणि आरोप करायचा तर नावे सांगा. त्याला ठाऊक होते की मी नावे सांगणार नाही. मला शब्दाने बांधले होते. मी सुपे मेजावर ठेवू लागलो.

तेव्हा लुगोवोच्या बायकांतून मिदेवा उठली. टेकडीच्या उतारावर केळी विकते ती.

"नाव मी सांगते, माझ्याच लेकीचं," ती म्हणाली. "अयुमा. तीन वर्षं फी घेतलीत तिची, एगाद्वाभाऊ, आणि चौथ्या वर्षी म्हणालात की शाळेचा आकडा बिघडेल. या बाईंनी तिला घेतली. आणि प्रेषितबाबा, मीही कोंबडी दिली होती तुम्हाला. लेक मुसेंडात बसली, पण पेन तुमचंच होतं, तेल तुमचंच होतं. तुमचे देवदूत ओढा उतरताना बुडाले काय?"

आणखी एक बाई उठली. मग एक बाप. नावे मी काढली नाहीत; ती आपापल्या तोंडून निघाली. जेवढे उठले त्यांतल्या बहुतेकांच्या घरातून एकेक कोंबडी गेली होती.

मी एवढ्यावर थांबलो असतो, पण अर्धे मोजमाप हे मोजमाप नव्हे, असे आम्हाला शिकवले होते. आमच्याकडे आई मुलाचा जन्मदिवस विसरेल, माध्यमिकला जाण्याआधीच्या आठवीच्या परीक्षेचे गुण विसरणार नाही. मी विचारले की, ज्यांच्या मुलांना आठवीला पाचशेपैकी अडीचशेच्या आसपास होते त्यांनी उभे राहून शेवटचा निकाल सांगावा. लुगोवोकडून, गाळणीतून निसटलेल्या मुलांचे तिघेच पालक उठले: चार, पाच, चार. मुसेंडात पहिल्यापासून शिकलेल्या मुलांचे सात-आठ जण: पाच, चार, सहा, पाच, असेच पुढे. मी लोकांना सांगितले की, एवढ्या थोड्या मुलांवरून मुसेंडा थोर ठरत नाही. ठरते ते इतकेच की, सारख्या तयारीने आत गेलेली मुले तेलाच्या पेनाने पुढे गेली नाहीत आणि तेलाविना मागे राहिली नाहीत. लुगोवोची सरासरी चढली ती वर्गाबाहेर काढलेल्या मुलांमुळे, आणि आमची उतरली ती आत घेतलेल्या त्याच मुलांमुळे.

प्रेषित म्हणाले की, शंकेच्या वातावरणात तेल काम करत नाही, आणि त्यांना दुसऱ्या शाळेची वेळ दिलेली आहे. मिदेवाने त्यांच्या गाडीपर्यंत सोबत केली, कोंबडीविषयी बोलत.

सभा जिंकली असे मला वाटले. एवढ्यात इंबुगा उठले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट तो उजळला होता. ते म्हणाले की, चला, प्रेषित गेला ते बरे झाले, गुपित तर कळले. मग आपणही तेच करूया. यंदाच्या वर्गातली कच्ची मुले आत्ताच दुसऱ्या केंद्रावर पाठवू, पुढच्या वर्षी आपण आठवर, आणि लुगोवो बसेल जळत. मागून टाळ्या वाजल्या. कमी नव्हत्या. खरे सांगायचे तर, त्या 'आठ'ने क्षणभर माझेही मन दुखावले नाही, सुखावलेच.

कागेहाबाई कडेवरून मधे आल्या. त्यांनी वर्गाकडे हाक दिली. चौथ्या वर्षाची मुले बाहेर येऊन ओळीत उभी राहिली, गणवेशात, काहीच न समजून. त्यांचे आईबाप समोरच बसले होते.

"इंबुगासाहेब, मी बदलीचा अर्ज लिहीन, फाटकाला कुलूप लावा, काहीही करा," त्या म्हणाल्या. "पण काढायचं कोणाला, ते माझ्यावर सोडू नका. हे उभे आहेत. तुम्ही येऊन बोट दाखवा."

इंबुगा दोन पावले पुढे आले. ओळीत तिसरा त्यांचा धाकटा मुलगा होता. त्याचे आठवीचे गुण पटांगणात सर्वांना पाठ होते. त्यांनी दुसऱ्या टोकाकडे पाहिले, तिथे त्यांच्या भावाची मुलगी होती. टाळ्या वाजवणाऱ्यांनी आपापली मुले शोधली आणि हात मांडीवर ठेवले. मग माझ्या बायकोने स्वतः बसलेली खुर्ची उचलली, बाईंच्या मागे नेऊन ठेवली आणि ती जमिनीवर येऊन बसली. बाई खुर्चीवर बसल्या. बदलीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

वाचकहो, शेजाऱ्याचे यश पाहून पोटात दुखणे माणसाला चुकत नाही, आणि त्याच दुखण्यावर औषध म्हणून तेल, मंत्र आणि गुपिते विकली जातात. विकत घेण्याआधी दोन गोष्टी विचारा. मूल शाळेत आले तेव्हा कुठे होते आणि आता कुठे पोहोचले, ही पहिली. सरासरी काढताना कोणाला बाहेर उभे केले, ही दुसरी. उत्तर देणारा पाणी मागू लागला, तर त्याला पाणी द्या, आणि प्रश्न पुन्हा विचारा.