पाच नंबरचं घुबड

आमच्या शहरात पाहण्यासारखं फारसं काही नाही, आणि ते ‘नक्की पाहा, नक्की चाखा’ या नावाखाली दरवर्षी लिहून काढायचं काम माझ्याकडे आहे. नगर कार्यालयात मी टायपिंगसाठी लागले होते. पण नदीला ‘संथ’ आणि पुतळ्याला ‘भव्य’ म्हणायला कुणीतरी लागतंच, ते माझ्या गळ्यात पडलं.

यंदा पत्रकात पहिल्यांदाच माझ्या थोरल्या जाऊबाईंची खाणावळ घेतली. त्यासाठी अकरा वर्षं त्या माझ्या मागे होत्या. तोंडानं कधी बोलल्या नाहीत. मी जेवायला गेले की गेल्या वर्षीचं पत्रक टेबलावर पसरून त्यावर माझं ताट ठेवायच्या.

नकाशा आधी छापून आला. चार नंबरला तुरुंग, पाचला खाणावळ, सहाला जुनं कोठार, सातला पोहण्याचा तलाव. मग साहेबांच्या ध्यानात आलं, की तुरुंगात अजून कैदी आहेत. ‘‘उडवा तो चार नंबर.’’ मी मजकुरातून उडवला. कॉम्प्युटरनं खालचे सगळे आकडे आपोआप एकेकानं कमी केले. नकाशा बापडा होता तिथेच राहिला. आणि दहा हजार प्रती वाटूनही झाल्या.

सोमवारी तुरुंगाच्या शिपायाचा फोन आला.

‘‘बाई, दारात सहाजण उभे आहेत. सूप मागतायत.’’

‘‘कसलं?’’

‘‘बटाट्याचं. वर म्हणतात, आत बसूनच प्यायचंय. आणि तिकडे कोठारापाशी एक जोडपं टॉवेल घेऊन फिरतंय, तेवढं बघा.’’

मी पत्रक उघडलं. पाच नंबरखाली, म्हणजे जाऊबाईंच्या डोक्यावर, मी कोठाराबद्दल लिहिलेला मजकूर येऊन बसला होता: ‘पडायला आलेली ही वास्तू आत जाऊन जरूर पाहा. कुबट वास येतो, पण सवय होते. कशालाही हात लावू नका. माळ्यावर एक म्हातारं घुबड राहतं. दुपारी ते झोपतं, त्याला त्रास देऊ नका.’

खाणावळीच्या माळ्यावर आमच्या सासूबाई राहतात. दुपारी झोपतात.

त्यातून सासूबाईंना ‘घुबड’ हा शब्द मूळचा जाऊबाईंचा. भांडी घासताना फक्त माझ्यापाशी बोललेला.

मी धावतच गेले. खाणावळीत आठ-दहा पाहुणे हात पाठीमागे बांधून, कुजबुजत, टेबलांमधून फिरत होते. एकजण जुन्या फ्रिजकडे फार आदरानं पाहत होता. एकजण वास घेत होता. बसलं कुणीच नव्हतं. सुपाचं पातेलं काठोकाठ भरलेलं, आणि जाऊबाई एका हातात डाव, दुसऱ्या हातात पत्रक घेऊन उभ्या.

‘‘या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘वास सोसेल ना?’’

‘‘ताई, चूक झाली. नंबर सरकले.’’

‘‘आणि कुबट वास सरकत सरकत नेमका माझ्याच दारात आला?’’

‘‘अहो, ते कोठाराचं आहे. तिथे खरंच घुबड आहे!’’

‘‘हळू बोल. इथलं जागं आहे.’’ त्यांचा आवाज उतरला. ‘‘तीस वर्षं गोड बोललीस गं. मनात हे होतं, तर मला सांगायचंस. मी खिडक्या उघडल्या असत्या.’’

माळ्यावरून सासूबाई ओरडल्या, ‘‘अगं, हा माणूस माझा फोटो काढतोय! माझा कंगवा कुठे ठेवलात?’’

वर कुणी गेलं नाही. जाऊबाई माझ्याकडे बघत होत्या.

‘‘मग माझ्याबद्दल लिहिलेलं कुठे गेलं?’’

‘‘चार नंबरला. तुरुंगावर.’’

‘‘वाच.’’

‘‘तुम्हीच वाचा ना.’’

‘‘चष्मा नाहीये.’’ चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

आता माझी खरी पंचाईत झाली. तीस वर्षांत त्यांच्या हातच्या सुपाला मी ‘बरं झालंय’च्या पुढे गेलेली नाही. धाकट्या जावेनं त्यापुढे जाऊ नये, थोरली डोक्यावर बसते. पुतळ्याला भव्य म्हणताना मला काही वाटत नाही, कारण पुतळा ऐकत नाही. पण न वाचावं, तर कुबट वास कायमचा माझ्या नावावर लागला असता.

मी कागद नाकाशी धरला आणि भरभर वाचलं: ‘बाकी काही पाहिलं नाहीत तरी चालेल, पण इथलं बटाट्याचं सूप प्यायल्याशिवाय जाऊ नका. करणारी बाई बोलायला तिखट आहे, पण वाडगा रिकामा दिसला की विचारत बसत नाही, वाढते. आमच्या घरात कुणी आजारी पडलं, की डॉक्टरच्या आधी हे सूप येतं. यापेक्षा चांगलं मी कुठे प्यायलेलं नाही.’

जाऊबाई वळून पातेलं ढवळायला लागल्या. ढवळायची काही गरज नव्हती.

‘‘साहेबांनी हे असं छापू दिलं?’’

‘‘साहेब वाचत नाहीत.’’

‘‘पुन्हा वाच. पातेल्याच्या आवाजात ऐकू नाही आलं.’’

पुन्हा वाचलं. हळू वाचावं लागलं. फ्रिजवाला पाहुणा जवळ येऊन ऐकत होता. त्यानं विचारलं, ‘‘हे सूप कुठे मिळतं हो?’’

‘‘तुरुंगात,’’ जाऊबाई म्हणाल्या. ‘‘पण बसा. आज इथेच देते.’’

भराभर खुर्च्या ओढल्या गेल्या. वर सासूबाई कुणाला तरी डाव्या बाजूनं आणखी एक काढायला सांगत होत्या. जाऊबाईंनी माझ्यापुढे वाडगा ठेवला. खाली कागद नव्हता. तो घडी होऊन त्यांच्या ॲप्रनच्या खिशात गेला होता.

त्या समोरच उभ्या राहिल्या. ‘‘कसं झालंय?’’

मी दोन घोट घेतले.

‘‘बरं झालंय,’’ मी म्हणाले.