सगळा बाजार जामीन

ही गोष्ट मोगलाईतली. कळमनुरीच्या बाजारतळावर तेव्हा एकच आंबा होता आणि तो चतुराबाईचा होता. म्हणजे जागा सरकारची, सावली सगळ्या गावाची. पण कोय लावली ती तिनं. अकरा वर्षं दर बाजारी भाजीची पाटी उतरवली की आधी झाडाला पाणी, मग गिऱ्हाईक. मेथीवर शिंपडायचं निम्मं पाणी आळ्यात जायचं आणि मेथी माना टाकायची. कुणी कुरकुरलं की ती म्हणायची, "घ्यायची तर घ्या, न्हाई तर पुढं व्हा." झाड वाढलं दांडगं, पण मोहर म्हणून कसा तो धरीना.

माणिकराव पाटलांचा नेमका त्याच जागेवर डोळा होता. बैलगाड्या सोडायला तळ पुरेना झाला होता. "शिमग्यापोतर मोहर आला तं ठीक, न्हाई तं कुऱ्हाड," असं त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं. माणूस वाईट नव्हता. पण बोललेला शब्द मागं घ्यायचं त्याला जमत नसे.

चतुराबाईच्या तोंडचं पाणी पळालं. आता जुन्या माणसांचा एकच उपाय उरला होता, न फळणाऱ्या झाडाला भेव घालायचा. एकानं कुऱ्हाड घेऊन दम द्यायचा आणि खोडावर घाव घालायचे. दुसऱ्यानं आडवं येऊन म्हणायचं, 'तोडू नको, औंदा फळ देईल, मी जामीन.' जामिनानं शब्द दिला की घाव थांबतात. तोवर तिसऱ्यानं तोंड उघडायचं नाही, उघडलं तर सगळं फुकट.

जामीन अर्थात चतुराबाई. दम द्यायला तिनं तांड्यावरचा धर्मसिंग गाठला. तो बाजारात जळण विकायचा. आवाज असा की बसलेले बैल उठायचे, मन मात्र लोण्याचं. "खरंच मार, भाऊ," तिनं बजावलं. "लटकं मारलं तं झाडाला कळतं."

दसऱ्यानंतरच्या बाजारी ही गर्दी जमली. पाटीलही मागं येऊन उभे राहिले. धर्मसिंगानं कुऱ्हाड उगारली आणि गरजला, "अकरा वर्सं पाणी पिऊन राहिलंस! वांझ कुठलं! तोडतोच आज तुला!" आणि पहिला घाव घातला.

वांझ. सासू बोलायची, जावा बोलायच्या, नवरा बिचारा खाली मान घालून बसायचा. त्या गोष्टीला किती वर्षं झाली होती! चतुराबाईला वाटायचं, आपण विसरलो. तोच शब्द भर बाजारात कानावर पडला आणि आपण जामीन आहोत हेच ती विसरली.

धर्मसिंग थांबला. जामिनाचा शब्द येईना. रीत म्हणजे रीत. त्यानं दुसरा घाव घातला, तिसरा घातला. दर घावाला तो वळून तिच्याकडं अशा काकुळतीनं बघायचा, की वाटावं, मार त्यालाच बसतोय. बाजार तोंडावर पदर आणि हात दाबून उभा. सहाव्या घावाला सालीची ही एवढी ढलपी उडाली.

"थांब, मेल्या!" चतुराबाई किंचाळली आणि तिनं खोडाला मिठी मारली. "माझं लेकरू हाये ते!"

कुऱ्हाड गळाली. धर्मसिंग मटकन खाली बसला. "काय वं बाई, किती येळ! माजा तं जीव जाऊन राहिला व्हता!"

पण पंचाईत झाली. ती जामीन राहते असं कुठं म्हणाली? माणसं कुजबुजू लागली. तेवढ्यात बांगड्यावाली शालूबाई पुढं झाली, "तं मी जामीन!" मग मिरच्यावाला म्हणाला, कुंभार म्हणाला, चांभार म्हणाला. जो तो मी जामीन, मी जामीन. मागून एक घोगरा आवाजही आला, कुणाचा ते त्या गलक्यात कळलं नाही. चतुराबाई खोडाला धरून हसतही होती आणि रडतही होती.

बायकांनी घावांवर शेणमाती लिंपली. धर्मसिंग तर दर बाजारी लाकडांच्या मोळीबरोबर पाण्याची घागरही आणू लागला.

माघात मोहर आला, आणि तोही घाव बसले त्याच अंगाला! पाटलांनी वर बघितलं, "ठीक," म्हणाले आणि चालते झाले.

वैशाखात एकोणीस आंबे उतरले. पहिला मान जामिनाचा. आणि जामीन तर सत्तर! चतुराबाई विळी घेऊन बसली, तिच्यापुढं रांग लागली. धर्मसिंग लांबच उभा होता. "मी तं मारणारा," तो म्हणाला.

"ये इकडं. तुझ्या हाताचाच हाये हा मोहर," म्हणून तिनं पहिली फोड त्यालाच दिली.

रांगेच्या शेवटी माणिकराव पाटील निघाले. विळी थांबली.

"पाटील, तुमी काहून?"

"त्या दिशी मागून मीबी म्हणलो व्हतो," इकडं तिकडं बघत पाटील हळूच म्हणाले. "मी जामीन म्हणून."

चतुराबाई हसू दाबत म्हणाली, "फोडी सरल्या. कोय हाये, चालंल?"

पाटलांनी भर बाजारात ती कोय पांढरी होईस्तोवर चोखली. रस कोपरापर्यंत ओघळला. मग टाकायला हात उचलला, तशी ती ओरडली, "टाकू नका! लावायला जागा दावा."

पाटील तळाच्या दुसऱ्या टोकाला, गाड्या सुटायच्या तिथं गेले आणि काठीनं खड्डा उकरून त्यांनी कोय पुरली.

"घे, लावली," ते म्हणाले. "आता पाणी घाल."

चतुराबाईनं रिकामी घागर उचलून त्यांच्या हातात दिली. "ह्याचे जामीन तुमी, पाटील. पाणी जामिनानं घालायचं."

सगळा बाजार बघत होता. पाटील घागर घेऊन विहिरीकडं निघाले.