हातांच्या पुढे गेलेली क्रियापदं

त्या गिअरबॉक्सच्या कारखान्यात सगळ्या कामाला एकच शब्द पुरत असे: बसव. बेअरिंग बसव, गिअर बसव, कव्हर बसव. परदेशी गिऱ्हाइकापुढे तो पुरणार नव्हता. मॅनेजरने लंबूला बोलावून सांगितलं, "पाहुण्याला जोडणी इंग्रजीत समजावून दे. नीट झालं तर विभागप्रमुख तू."

लंबूची बायको टायपिस्ट होती. तिने कंपनीच्या माहितीपत्रकातून क्रियापदं काढली आणि जेवणाच्या टेबलाशी तालीम सुरू केली.

"ड्रॉवर?"

"फिट."

"अहो, सगळंच कसं फिट? ड्रॉवर स्लाइड होतो. शाफ्टही तसाच. जॅकेटचं टिचबटण?"

"स्नॅप."

"तशीच तुमची ती खाचेत बसणारी कडी, सर्क्लिप. आणि दातांत दात अडकले की?"

"मेश. आपलं लग्न."

"दात पाडीन. पुन्हा पहिल्यापासून."

लंबूने सगळं पाढ्यांसारखं पाठ केलं. मध्येच कुणी थांबवलं तर त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे.

प्रत्यक्ष जोडणी त्याचे मामा करणार होते. त्यांनीच त्याला इथे चिकटवलं होतं, पाना कसा धरायचा तेही त्यांनीच शिकवलं होतं. इंग्रजीचा त्यांना गंध नव्हता. "तू तोंड चालव, मी हात चालवतो," ते म्हणाले. "फक्त घाई करू नकोस, नवरदेवा."

मामांची एक सवय साऱ्या विभागाला माहीत होती. गिअर एकमेकांत घातले की ते हाताने फिरवून बघत, आणि मगच सर्क्लिप लावत. माहितीपत्रकात सर्क्लिप आधी होती. दोन्ही क्रम चालत. लंबू ही सवय रोज पाहत होता, पण तालमीत ती त्याला आठवली नाही.

पाहुणा आला. शाफ्ट स्लाइड झाला, बेअरिंग प्रेस झालं. लंबू "स्नॅप" म्हणाला तेव्हा मामा कान लावून गिअर फिरवत होते. तो थांबू शकला नाही. "मेश" म्हणाला तेव्हा मामांनी सर्क्लिप उचलली होती. पाहुण्याने हात वर केला. तुम्ही सांगता एक आणि हा माणूस करतो भलतंच, असं का, त्याने विचारलं.

मॅनेजर बघत होता. लंबूने मामांकडे बोट दाखवलं आणि पाठ न केलेलं एकमेव वाक्य बोलला, "सॉरी सर, ही इज न्यू."

आपली ओळख करून देतोय असं मामांना वाटलं. त्यांनी हात पॅंटला पुसून पुढे केला. पाहुण्याने तो हातात घेतला आणि नवशिक्याला धीर द्यावा तशी त्यांची पाठ थोपटली. मामा खूश झाले.

पाहुण्याची गाडी गेल्यावर मॅनेजर लंबूला म्हणाला, "निभावलंस. ऑर्डर मिळाली. पण त्यांच्या मालाला नवा माणूस नको, अशी अट आहे. मामांना दुरुस्तीच्या टेबलावर पाठव."

"साहेब, ते नवे नाहीत."

"हे मला माहीत आहे. आता पाहुण्याला काय सांगू, आमचा विभागप्रमुख खोटं बोलला? मामांना तूच सांग."

मामा नळाशी कोपरापर्यंत साबण लावून उभे होते. शेजारी आणखी दोघे हात धूत होते. "काय रे, काय सांगितलंस माझ्याबद्दल? पाहुणा खूश दिसला. मामीला नीट शब्दांत सांगायला हवं."

लंबूची नजर मोरीत वाहणाऱ्या काळ्या फेसावर होती. "तुम्ही नवे आहात म्हणालो."

"नवा?"

"मी पाठ केलं होतं, मामा. चुकलो मी. तेव्हा सुचलं ते बोललो. आता तुम्हाला दुरुस्तीच्या टेबलावर..." शेजारचे दोघे हात न पुसताच निघून गेले.

"पाहुण्याला खरं सांगितलंस नंतर?"

लंबूने मान हलवली. नाही.

मामांनी नळ बंद केला. फडक्याने एकेक बोट पुसलं. लंबू शिव्यांची वाट बघत होता. मामांच्या शिव्या त्याला पाठ होत्या.

"दुरुस्तीला कधीपासून येऊ, साहेब?" मामांनी विचारलं.

लंबूला उत्तर द्यावं लागलं. "उद्यापासून," तो म्हणाला.