कंतराचा पूल

अरबीत कंतरा म्हणजे पूल. आमच्या गावाचं नाव कंतरा. गावातल्या एकुलत्या एक कॉफीच्या दुकानाचं नाव कंतरा, फुटबॉल संघाचं नाव कंतरा, आणि बशीरने आपल्या ट्रॅक्टरच्या नाकावरही लाल रंगात तेच रंगवून घेतलं होतं. गावात पूल तेवढा नव्हता.

मी बेया. मूळची समुद्राकाठची, लग्न होऊन या डोंगरात आले आणि गेली बावीस वर्षं इथलं पोस्ट सांभाळते. त्यामुळे दुसऱ्या कंतराची ओळख गावात सगळ्यांत आधी मला झाली. ते खाली, हमरस्त्याला लागून, आमच्याच जिल्ह्यात. त्यांच्याकडे मात्र खराखुरा दगडी पूल. त्यांची निम्मी पत्रं आमच्याकडे यायची, आमची त्यांच्याकडे जायची. एकदा कुणाची तरी कवळी आली. एकदा लग्नाची पत्रिका आली, आणि आमचा गावप्रमुख लझहर सहकुटुंब तिथे जेवून आला. नवरानवरी दोघांपैकी कुणीच आपल्या ओळखीचं नाही, हे त्याला हात धुताना कळलं.

इथवर सगळी गंमतच होती. पण आमचा ओढा नोव्हेंबरात एकदा भरला की मार्चपर्यंत माणसाला ओलांडू देत नाही. ऑलिव्हच्या बागा पलीकडे, दवाखाना पलीकडे, शाळाही पलीकडे. मध्ये एक पॉपलरचा ओंडका टाकलेला. त्यावरून जायचं म्हणजे डोंबाऱ्याचा खेळ. अठरा वर्षं आम्ही पुलासाठी अर्ज करत होतो. प्रत्येक अर्ज मीच लिहायचे, आणि दर वर्षी जिल्हा कचेरीतून तेच उत्तर यायचं : ‘कंतरा येथे पूल अस्तित्वात असल्याचे नोंदीवरून दिसते. सबब आपली विनंती विचारात घेता येत नाही.’

अहो, तो त्यांचा पूल! असं आम्ही लिहिलं की त्याचं उत्तर खालच्या कंतराला जायचं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, सकाळी दहाच्या सुमाराला, एक पांढरी गाडी पोस्टासमोर थांबली. आत हाज्जा मुंजिया स्टोव्हजवळ हात शेकत बसली होती. वय पंचाहत्तर, पलीकडे चाळीस झाडांची बाग, आणि जीभ अशी की आमचा गावप्रमुख तिला बघून रस्ता बदलतो. हजहून आल्यापासून तिने खोटं बोलायचं सोडलंय. त्याआधी ती काय बोलायची ते विचारू नका.

गाडीतून एक तरुण उतरला. चकाचक बूट, काखेत फाईल. राजधानी ट्युनिसहून आलेला, बांधकाम खात्याचा तपासनीस. नाव अन्वर.

“हेच ना कंतरा?” त्याने विचारलं.

“हेच,” मी म्हटलं.

“फोनमधल्या नकाशाने बरोबर आणलं म्हणायचं. पुलाची पाहणी करायचीय. गेल्या शरदात दुरुस्त झालेला. नवे कठडे, रंगाचे दोन हात. कुठे आहे तो?”

माझ्या लगेच लक्षात आलं. ‘अहो साहेब, तो खालच्या...’ असं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात हाज्जाने उठून माझ्या पायावर पाय दिला. साधा नाही, टाचेने दिला.

“बाळा,” ती त्याला म्हणाली, “पूल शोधतोयस? चल, मीच दाखवते तुला आमचा ओढा.”

तो बाहेर पडताच ती माझ्या कानाशी आली. “खोटं एक अक्षर बोलायचं नाही. पण विचारल्याखेरीज खरंही बोलायचं नाही. कळलं?”

“हाज्जा, हे पाप नाही का?”

“पायावर पाय देणं पाप आहे. त्याची माफी मी मागून घेईन. तू चल.”

मी पोस्टाला कुलूप लावलं आणि मागोमाग गेले. आठ पावलांवर लझहर भेटला. साहेब आलेत म्हटल्यावर तो कोटाची बटणं लावत धावत आला होता. हाज्जाने त्याला नुसतं बघितलं. तो जो गप्प झाला तो संध्याकाळपर्यंत.

ओढा दुथडी भरून चाललेला. अन्वर काठावर उभा राहून वर बघतो, खाली बघतो, फाईल उघडतो, मिटतो.

“पूल कुठाय?”

“हेच आम्ही अठरा वर्षं तुम्हा लोकांना विचारतोय,” हाज्जा म्हणाली.

“पण इथे लिहिलंय, कठडे बसवले. फोटो लावलाय.”

हाज्जाने फोटो हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला. “देखणा पूल आहे. या ओढ्यावर असा पूल मी जन्मात पाहिला नाही.”

“मग तुम्ही लोक पलीकडे जाता कसे?”

हाज्जाने ओंडक्याकडे बोट केलं. आणि त्या पोराला काय वाटलं कोण जाणे, तो निघाला की त्यावरून! मी ओरडले, लझहरने डोळे मिटून घेतले. अन्वर मधोमध पोचला, एक हात वर, एक हात फाईलवर, आणि गेला खाली. बशीरने दोर टाकून काढला त्याला. फाईल सोडली नव्हती हं, ते मात्र मानलं पाहिजे.

हाज्जाने त्याला घरी नेलं, नवऱ्याचा जुना लोकरी बुरनूस पांघरायला दिला, तिखटजाळ गरम सूप पाजलं, भट्टीची रोटी ऑलिव्हच्या तेलात बुडवून खायला घातली. त्याचे दात वाजायचे थांबले तसा तो लिहायला बसला. मोठ्याने म्हणत लिहीत होता : “प्रत्यक्ष जागेवर पूल आढळला नाही. कठडे आढळले नाहीत. रंग आढळला नाही.”

“पाणी आढळलं, तेही लिही,” हाज्जा म्हणाली.

त्याने तेही लिहिलं.

तो गेल्यावर मला रात्रभर झोप आली नाही. खालच्या कंतराच्या लोकांचं तोंड डोळ्यांसमोर येत होतं. त्यांचा पूल, त्यांचे कठडे, आणि आम्ही मध्येच हात घालून बसलो. पण कठडे बसले असतील तर त्यांचं काय बिघडलं, असं म्हणून मी कूस बदलली. ते बसलेले नाहीत हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ते कळलं दहा दिवसांनी. दोन ट्रक, एक मिक्सर आणि त्यांच्यापुढे एक काळी मोटार गावात शिरली. मोटारीतून कंत्राटदार उतरला, सी तिजानी (सी म्हणजे आमच्याकडे श्रीयुत). पोट पुढे, घाम कपाळावर, फेब्रुवारीच्या थंडीत. त्याने आयुष्यात ना हे कंतरा पाहिलं होतं ना ते. दुरुस्तीचे पैसे उचलून सगळं काम त्याने कचेरीत बसून कागदावरच केलं होतं, फोटोसुद्धा कुठल्या तरी तिसऱ्याच पुलाचा. तपासनीस सांगतोय जागेवर पूलच नाही, म्हटल्यावर त्याची पाचावर धारण बसली होती. कुठलं कंतरा, हा प्रश्न त्याला पडायचं कारणच नव्हतं. चोराला पत्ता कोण विचारतो?

लझहरच्या ओसरीवर बैठक बसली.

“तुम्ही त्या साहेबाला काय सांगितलंत?” तिजानीने विचारलं.

“जे होतं ते दाखवलं,” हाज्जा म्हणाली.

“अगं आई, पूल पडला कधी? मला कुणी कळवलं का नाही?”

“पडला असं आम्ही म्हटलंच नाही.”

तिजानीने रुमाल काढला. “हे बघा. मी कठडे लावून देतो. चांगले, लोखंडी. परवापर्यंत.”

“लाव की. कशाला लावणार?”

तिजानीने रुमालाने कपाळ पुसलं.

“पूल नसताना कठडे हवेत लावणार का रे?” हाज्जा म्हणाली. “आधी पूल लागेल. मग कठडे. मग रंगाचे दोन हात. कागदावर दोन लिहिलेत, एकावर भागवू नकोस.”

तिजानीने आधी पायी जाण्यापुरता पूल कबूल केला. हाज्जा म्हणाली, आमची ऑलिव्हची पोती काय डोक्यावरून न्यायची? तो गाढव जाईल एवढ्यावर आला. तेव्हा बशीर कोपऱ्यातून खाकरला आणि म्हणाला, माझा ट्रॅक्टर? तिजानीने आकाशाकडे हात केले. शेवटी ट्रॅक्टर जाईल आणि समोरून माणूस आला तर त्याला अंग चोरावं लागणार नाही, एवढ्या रुंदीवर तडजोड झाली.

“पण साहेब परत आला की तुम्ही म्हणायचं, पूल इथे पहिल्यापासून होता,” तो म्हणाला.

“मी खोटं बोलत नाही. तू बांध, मी ‘आहे’ म्हणेन. ‘होता’ म्हणणार नाही.”

काम सुरू झालं. पाऊस असो, वारा असो, तिजानी छत्री घेऊन स्वतः उभा. त्याची माणसं म्हणत होती, आमच्या मालकाला असं काम करताना आम्ही पहिल्यांदाच बघतोय. गावातल्या बाया त्यांना आळीपाळीने कुसकुसचं जेवण पोचवत होत्या. दोन्ही काठांवर खांब उभे राहिले, वर सळ्या आल्या, आणि मार्चच्या मध्याला काँक्रीट पडलं.

नेमक्या त्या दिवशी खालच्या कंतराचे गावप्रमुख सी शादली आपलं टपाल न्यायला आले. उंच, पांढऱ्या मिशा, पोलादी स्वभाव. पोस्टाच्या खिडकीतून त्यांनी ओढ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“बेयाबाई, ते काय चाललंय?”

मी हाज्जाला हाक मारली. ती शेजारच्याच दुकानात होती.

शादलींना सगळं कळायला फार वेळ लागला नाही. कळलं तसा त्यांनी टेबलावर हात आपटला. “म्हणजे आमचं काम तुम्ही पळवलंत! आमचे कठडे तीन वर्षं मोडलेत. माझ्या मेंढ्या खाली पडल्या. दोन मेल्या!”

“आणि आमची माणसं पडतात, त्याचं काय?” हाज्जा म्हणाली. “अठरा वर्षं तुमचा पूल आमच्या नावावर जमा होता, शादली. एक अर्ज मंजूर झाला नाही त्यापायी.”

“आमच्या लोकांची कवळीसुद्धा तुम्ही ठेवून घेतलीत.”

“परत केली!” मी म्हटलं.

“दोन महिन्यांनी. तोवर बिचाऱ्याने सूपच प्यायलं.”

मग हाज्जाने त्यांना स्टोव्हजवळची आपली खुर्ची दिली. ती खुर्ची ती कुणालाही देत नाही.

“हे बघ, आता ओरडलास तर काम थांबेल. आमचं अर्धवट राहील, तुमचं सुरूच होणार नाही. काँक्रीटला वाळायला तीन आठवडे दे. मग तू एक पत्र लिही. ‘आमचे कठडे मोडलेत, कुणी आलं नाही,’ एवढंच. तेही खरंच आहे. त्या पोराचा पत्ता बेयाकडे आहे. ती पत्र कचेरीत नाही, थेट त्याच्या हातात पोचवेल.”

शादलींनी मिशीवरून हात फिरवला. “आणि मेंढ्या?”

“मेंढ्या मी देत नाही. तेलाचा डबा घेऊन जा.”

त्यांनी दोन डबे नेले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अन्वर परत आला. या वेळी पायात रबरी बूट होते. पूल उभा होता, निळे कठडे, रंगाचे दोन हात मोजून. तो या टोकाकडून त्या टोकाला गेला, परत आला, कठडा हलवून पाहिला. मग सरळ पोस्टात माझ्यासमोर येऊन बसला आणि खिशातून शादलींचं पत्र काढलं.

“बेयाबाई, जिल्ह्यात कंतरा किती आहेत?”

आता विचारलंच होतं. “दोन,” मी म्हटलं.

“हे मला फेब्रुवारीत का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलंत, हेच ना कंतरा? हेच होतं.”

त्याने पत्राची घडी घातली. नोकरी जाणार, असं वाटून गेलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. हसत होता! डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

“म्हणजे मी ओढ्यात पडलो ते चुकीच्या कंतरात?”

“पडलात ते बरोबर ओढ्यात,” दारातून हाज्जा म्हणाली.

हसून झाल्यावर तो एकदम साहेब झाला. तिजानीला बोलावून घेतलं. तिजानी आला तो छाती पुढे काढून, हातात मिठाईचा खोका.

“काम उत्तम आहे,” अन्वर म्हणाला. “फक्त कंतरा चुकलंय. तुमचं काम खाली, हमरस्त्यावर आहे. तिथे दगडी पूल आहे, आणि त्याचे कठडे अजून मोडलेलेच आहेत.”

तिजानी पुलाकडे बघत राहिला. मग हाज्जाकडे. तो तसाच सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर बसला.

“तुम्ही मला... आई, तुम्ही मला एका शब्दाने...”

“तू विचारलं नाहीस, बाळा. मिठाई कसली आहे?”

मिठाई मकरूदची होती, खजूर भरलेली. ती आम्ही सगळ्यांनी खाल्ली, तिजानीनेही दोन खाल्ल्या. आठवड्याभरात त्याच मिक्सरने खालच्या कंतराचे कठडे उभे केले. अन्वरने अहवालात एक गोष्ट लपवली नाही, त्यामुळे खात्याच्या यादीतून तिजानीचं नाव कायमचं गेलं. आमचा पूल कुणाला उखडून नेता आला नाही. काढायचा तर कंत्राट द्यावं लागलं असतं.

पूल खुला झाला त्या दिवशी भाषणं झाली नाहीत. लझहरने एक लिहून आणलं होतं, पण सगळे आधीच पुलावर चढले होते. पहिला मान हाज्जाचा, म्हणून आम्ही बाजूला झालो. ती कठड्याला धरून अगदी मधोमध गेली, वाकून खाली पाण्याकडे पाहिलं, आणि तिथूनच मागे फिरली.

“अगं, पलीकडे नाही जायचं?” मी विचारलं.

“आज गुडघा दुखतोय,” ती म्हणाली. “आणि आता घाई कसली आहे?”