चिंचेने घासलेली तोफ

“हात लावायला कुणी सांगितलं होतं तुला?” गॅरेजच्या दारातूनच पुरुषोत्तम ओरडला. ऑफिसची बॅग अजून खांद्यावरच होती.

शोभना तबकात झेंडूची फुलं मांडत होती. तिने मान वर केली नाही. “तुम्हीच. सकाळी फोन करून. खंडेनवमी आहे, तोफेची पूजा करून ठेव, म्हणालात.”

“पूजा कर म्हटलं होतं! घासायला नव्हतं सांगितलं!”

“पारोशा वस्तूला कुंकू लावू? आमच्याकडे आजच्या दिवशी विळीसुद्धा घासून लख्ख करायचे. तुमच्याकडे काय वेगळं होतं?”

वेगळं काहीच नव्हतं. पण ते कबूल करणाऱ्यांतला पुरुषोत्तम नव्हता. नवीन घंघाळासारख्या झळाळणाऱ्या त्या तोफेकडे तो पाहतच राहिला. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळातली ही बुटकी ब्राँझची तोफ. खेचरांच्या पाठीवर लादून डोंगरात चढवायची. दीडशेच्या वर वर्षं ऊन-पाऊस खाऊन तिच्यावर काळपट हिरवा थर चढला होता, आणि जाणकार आधी तो थरच पाहतात; तो गेला की किंमत गेली. शोभनाने चिंच, मीठ आणि तारेची घासणी घेऊन दुपारभरात तो उतरवला होता.

“उद्या पाहुणा यायचाय, चारचौघांत तुमची मान ताठ राहावी, म्हणून घासली,” ती म्हणाली. “बोटं सोललीत माझी.”

पुरुषोत्तमने तिच्या बोटांकडे पाहिलं नाही. तोफेवरचे ओरखडे पाहत राहिला.

अमेरिकेतल्या त्यांच्या पार्सिपनी गावातली मराठी मंडळी त्याच्या गॅरेजला ‘तोफखाना’ म्हणून हसत. त्याचं त्याला काही वाटत नसे. त्याला जीव तोडून हवी होती ती संग्राहकांच्या क्लबातली जागा. तिथे इतकी वर्षं तो मागच्या रांगेत उभा राहिला होता. तू कुणाबरोबर आलास, असं लोक अजूनही विचारत. यंदा मात्र क्लबचा अध्यक्ष वॉल्टर म्हणाला होता, तोफ खरी असेल तर प्रदर्शनात मधोमध तुझीच.

दसऱ्याच्या सकाळी वॉल्टर आला. खिशातून पांढरे हातमोजे काढले, तोफेकडे पाहिलं आणि मोजे न घालताच परत खिशात ठेवले.

“हू डिड धिस?”

“माय वाइफ,” पुरुषोत्तम म्हणाला. नुसतं म्हणाला नाही, बोटही दाखवलं. चहाचा ट्रे घेऊन शोभना दारातच उभी होती.

तोफ खरीच आहे, पण प्रदर्शनात आता नाही, बागेत शोभेल, असं म्हणून वॉल्टर चहा न घेता गेला.

“झालं समाधान?” त्याची गाडी वळताच पुरुषोत्तम तिच्यावर तुटून पडला. “अडाणी! सगळ्या जन्माची माती केलीस माझ्या!”

शोभनाने ट्रे तोफेच्या गाड्यावरच आदळला. “त्या वॉल्टरशी तासन्‌तास फोनवर बोलता. माझ्याशी या तोफेबद्दल एक वाक्य बोललात कधी? ‘बाजूला हो’ आणि ‘ओले टॉवेल तिच्यावर टाकू नकोस’. बस!”

“तुला काय कळणार होतं त्यातलं?”

“सांगून तर बघायचं! घासू नकोस, एवढं कळलं असतं मला. आणि त्या परक्या माणसासमोर बोट दाखवलंत. चोर पकडून दिल्यासारखं.”

पुरुषोत्तम आणखी मोठ्याने ओरडला. काय ओरडला ते आता दोघांनाही आठवत नाही, पण त्यानंतर त्या घरात कामापुरतंही बोलणं उरलं नाही.

तोफेच्या पोटाखाली, गाड्याच्या लाकडाआड, शोभनाचा हात पोचला नव्हता. तिथे तळहाताएवढा जुना थर शिल्लक आहे. तो पाहायला पुरुषोत्तम रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन गॅरेजच्या फरशीवर उताणा पडतो. डोकं तोफेखाली आणि पाय वाटेत.

त्याच वेळी शोभना बाहेर जायला निघते. कुणाला चुकून ओलांडलं तर त्याचं वाईट होऊ नये म्हणून मागे फिरून परत उलटं ओलांडायचं, ही तिची लहानपणापासूनची सवय. आजारी सासूच्या अंथरुणापाशीही ती कधी चुकली नव्हती. आता ती नवऱ्याचे पाय ओलांडते, गाडीत बसते आणि निघून जाते.