अकरा वेळा एकटीने

ताई जाऊन पंधरा दिवस झाले, तरी धाकटीला दुपारची झोप काही मिळाली नव्हती. माणूस गेलं की घर शांत होतं असं लोक म्हणतात. ताईच्या बाबतीत तेही खोटं ठरलं. रोज कुणी ना कुणी दारात उभं. कुणी ताईकडे शिवण शिकलेलं, कुणी टायपिंग, कुणाला तिने गाडी चालवायला शिकवलेलं, तर कुणाची घटस्फोटाची केस लढवलेली. सगळे रडायचे, चहा प्यायचे आणि निघताना धाकटीला विचारायचे, “तुम्ही कोण?”

“बहीण,” धाकटी म्हणायची आणि कप उचलायची.

अडुसष्टावं लागलं तरी ती धाकटीच होती. घरात, गल्लीत, वाण्याकडे, सगळीकडे धाकटी. अडतीस वर्षं एकाच छापखान्यात प्रूफं तपासून ती निवृत्त झाली होती. डोळ्यांची दोन ऑपरेशनं झाली होती आणि गुडघ्यांचं काय करायचं ते अजून ठरत नव्हतं. ताई मात्र चौऱ्याहत्तराव्या वर्षी, जायच्या आदल्या आठवड्यापर्यंत, म्हाताऱ्या माणसांना कॉम्प्युटर शिकवत होती. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आलेली बाई. ती थांबली ती एकदमच थांबली.

रविवारी शोकसभा होती आणि सभेत वाटायला अठ्ठेचाळीस पानांची स्मरणिका निघायची होती. छापखान्याचा मालक स्वतः प्रूफं घेऊन आला. जुन्या मालकांचा हा मुलगा, आता त्याचेही केस पांढरे झाले होते.

“बाई, सहापर्यंत द्या,” तो म्हणाला. “तुमची नजर फिरली की मी निर्धास्त.”

नाही म्हणायची धाकटीला सवय नव्हती. तिने जेवणाचं टेबल पुसलं, लाल पेन घेतलं, चष्मा नाकावर चढवला आणि बसली.

लेख बारा होते. पहिला शिवणवर्गातल्या बाईंचा. ‘त्याकाळात ताईंनी एकटीने हा वर्ग उभा केला.’ धाकटीने ‘त्याकाळात’चं ‘त्या काळात’ केलं आणि पुढे गेली. वर्ग उभा केला तेव्हा यंत्रं तीन होती आणि काज-बटणं करायला माणूस नव्हतं. छापखान्यातून आली की हातपाय धुऊन धाकटी काज-बटणं करायला बसायची. बोटांना इतकी भोकं पडली होती की लिंबू कापायची सोय उरली नव्हती. पण ते लिहिणाऱ्या बाईंना कुठून ठाऊक असणार? त्यांना शर्ट तयार मिळायचे.

दुसऱ्या लेखात टायपिंगची शाळा होती, तिसऱ्यात ड्रायव्हिंग स्कूल. ‘गावातल्या बायकांना ताईंनी एकटीने स्टिअरिंगवर बसवलं.’ बसवलं खरं. मात्र नवशिक्या बायकांना मागच्या सीटवर कुणीतरी बसलेलं असलं की धीर येतो, असा शोध ताईने लावला होता, आणि ते कुणीतरी कोण असणार हे सांगायला नको. दोन वर्षांत धाकटी तीन वेळा गटारात गेली. एकदा तर गाडी दूधवाल्याच्या सायकलवर गेली तेव्हा ताई शांतपणे खाली उतरून म्हणाली, “आपण भरून देऊ.” दूधवाल्याकडे मग धाकटीच गेली.

या ‘आपण’ शब्दाने धाकटीच्या आयुष्याचं वाटोळं केलं होतं. ताई ‘आपण’ म्हणाली की ती मुकाट्याने पदर खोचायची. “आपण शाळा काढू या.” “आपण वकिलीची परीक्षा देऊ या.” परीक्षेला बसायची ताई, पण कायद्याची पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवायची धाकटी, पोळ्या लाटता लाटता, कारण ताईला कानाने ऐकलेलं चांगलं लक्षात राहायचं. ताई पहिल्या वर्गात पास झाली. धाकटीलाही भाडेकरार तोंडपाठ झाला, पण तिला कुणी पदवी दिली नाही. आणि सत्काराच्या भाषणात तीच ताई माइकसमोर उभी राहिली की ‘आपण’ कुठे जायचा कोण जाणे, नुसता ‘मी’ उरायचा. भाषण लिहून दिलेलं असायचं धाकटीनेच. तोही ‘मी’ तिनेच लिहिलेला असायचा.

दुष्ट नव्हती ताई. असती तर सोपं झालं असतं. तिला खरंच वाटायचं की ती एकटीने करते आहे, जसे पळणाऱ्याला आपलेच पाय दिसतात, रस्ता दिसत नाही. आणि तिच्याजवळ राहिलं की काहीतरी घडत असायचं. धाकटीच्या छापखान्यात अडतीस वर्षांत एकच गोष्ट घडली, अक्षरांचे शिशाचे खिळे जाऊन कॉम्प्युटर आला. म्हणून तर ती दर वेळी कुरकुरत का होईना उठली.

चार वाजेपर्यंत अकरा लेख झाले. ‘एकटीने’ दहा वेळा आलं होतं. धाकटीने मोजलं नव्हतं, पण प्रूफवाल्याच्या डोळ्यांना मोजायचं कळत नाही असं नसतं. कुठे ‘एकटिने’ होतं तिथे तिने टी दीर्घ केली. चूक सुधारायची, मजकुराला हात लावायचा नाही, हे ती पहिल्याच दिवशी शिकली होती. दहाही ‘एकटीने’ शुद्ध होते.

बारावा लेख भाचीचा होता.

भाची म्हणजे ताईची एकुलती मुलगी. तिचे वडील नोकरीसाठी परदेशी गेले आणि तिकडचेच झाले. त्यामुळे घरात दोघी बहिणी आणि एक पोर. पोर आता सेहेचाळीस वर्षांची झाली होती, लांबच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होती, आणि आईच्या वळणावर जाऊन आठवडाभर सभेची तयारी धडाक्यात करत होती.

लेख चांगला होता. भाची पहिल्यापासून नीट लिहायची. धाकटीनेच तिला पाटीवर गिरवायला शिकवलं होतं. तिसऱ्या परिच्छेदात ती थबकली.

‘मी सात वर्षांची असताना मला टायफॉइड झाला. एकवीस दिवस मी अंथरुणावर होते. डोळे उघडले की कपाळावर आईचा हात असायचा. त्या हाताला शाईचा वास यायचा. कामाची कागदपत्रं लिहिता लिहिता ती माझ्या उशाशी बसून असायची. आमचं घर आईने एकटीने सांभाळलं.’

धाकटीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वाक्यात एकही चूक नव्हती. अनुस्वार जागच्या जागी, विरामचिन्हं चोख.

त्या एकवीस दिवसांत रजा मिळाली नाही म्हणून तिने छापखान्याची प्रूफं घरी आणली होती. तेव्हा खिळ्यांचा जमाना, प्रूफं ओली असायची. हात रॉकेलने धुतले तरी शाईचा वास जायचा नाही. एका हाताने कपाळावर पट्टी धरायची आणि दुसऱ्या हाताने चुका काढायच्या. एकदा तर तापातल्या पोरीने “तुझा हात काढू नकोस” म्हणून इतका घट्ट धरला की पूर्ण दुपार धाकटी डाव्या हाताने काम करत बसली. डाव्या हाताच्या त्या खुणा खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला लागल्या नाहीत आणि तिला बोलणी बसली.

हे सगळं विसरायला तिची हरकत नव्हती. काज-बटणं गेली, गटार गेलं, पदवी गेली. हा हात मात्र तिला द्यायचा नव्हता.

तिने लाल पेन उचललं. शेवटच्या वाक्यातल्या ‘एकटीने’मधल्या ट वर एक उभी रेघ मारली, त्याची वेलांटी क ला लावली, आणि समासात काढून टाकायची खूण केली. उरलं ‘एकीने’. एकीने म्हणजे मिळून. ‘आमचं घर आईने एकीने सांभाळलं.’ वाक्य अडखळत होतं, ते तिलाही दिसत होतं. अडतीस वर्षांत तिने बरोबर असलेलं अक्षर पहिल्यांदा खोडलं होतं.

पाचच्या सुमाराला भाची आली. हॉल ठरवून, खुर्च्या मोजून, घामाघूम. पाणी प्यायली आणि उभ्या उभ्याच प्रूफं चाळायला लागली. स्वतःच्या पानावर थांबली.

“मावशी, इथला ट का उडवलास? चुकून?”

“नाही.”

“अगं, मग अर्थ बदलतो ना.”

“बदलू दे.”

भाचीने खुर्ची ओढली. मागची पानं उलटली, पुन्हा पुढे आली. तिची नजरही तशी तयारच होती. “बाकी दहा ठिकाणी ठेवलायस. माझ्याच लेखातला काढलास.”

“त्यांना मी वाढवलं नव्हतं,” धाकटी म्हणाली.

भाचीने पानं टेबलावर ठेवली. मग तिचा चेहरा लाल झाला. “आईला जाऊन पंधराच दिवस झालेत आणि तू हे काढतेस? आता? तू असायचीस गं घरात, मी कुठे नाही म्हणते? पण तू दिवसभर छापखान्यात असायचीस. आईच माझ्या उशाशी असायची. मला आठवतंय.”

“काय आठवतंय?”

“हात. शाईचा वास.”

“तुझी आई शाईने कधी लिहायची?” धाकटीने आवाज चढवला नाही. चढवायला बळच नव्हतं. “ती बोलायची, मी लिहायचे. तिच्या हाताला आधी शिवणयंत्राच्या तेलाचा वास यायचा आणि मग पेट्रोलचा. नीट आठव.”

भाचीने प्रूफ जवळ ओढलं. समोरच्या पानाकडे बघत राहिली. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

“मग आई कुठे होती?” तिने विचारलं.

“परगावी. ड्रायव्हिंग शिकवायचा परवाना काढायला. रोज शेजारच्यांच्या घरी फोन करायची. फोनवर रडायची, ढसाढसा. ते मी खोटं सांगणार नाही. ती आली तेव्हा तुझा ताप उतरला होता. तुला गाडीत घालून गावभर फिरवून आणलं तिने.”

“ते आठवतं मला,” भाची हळूच म्हणाली. “भोंगा वाजवू दिला होता.”

“तेच आठवणार. मजेचं लक्षात राहतं. त्यात तुझी काय चूक?” धाकटीने डोळे चोळले. “मी हे कधी बोलले नसते. पण हे छापलं जाईल आणि मग तेच खरं होईल. मी आयुष्यभर हेच काम केलंय, मला ठाऊक आहे. आणि मी दमले गं. खूप दमले.”

भाची उठली आणि मावशीच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मिठी वगैरे मारायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती, सगळ्यांना कामं असायची. तिने मावशीचा उजवा हात नुसता हातात घेतला आणि धरून ठेवला. धाकटीनेही सोडवून घेतला नाही. नऊ वर्षं झाली होती निवृत्त होऊन, आता त्या हाताला साबणाशिवाय कसलाच वास नव्हता.

“पण मावशी,” भाची शेवटी नाक ओढत म्हणाली, “‘आईने एकीने’ हे वाक्य बरोबर नाही होत.”

“नाहीच होत. मग वाक्य बदल.”

“काय लिहू?”

“ते मी नाही सांगणार. तुझ्या आईला पन्नास वर्षं सांगत आले. आता पुरे.”

भाची टेबलाच्या पलीकडे बसली. प्रूफाच्या पाठकोऱ्या बाजूला दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. पुन्हा लिहिल्या. धाकटी खुर्चीत मागे रेलून बसली होती. सहा वाजायला आले होते, छापखान्याचा माणूस येईल, त्याला थांबावं लागेल, हे तिच्या मनात आलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला त्याची घाई वाटली नाही.

“तुझं नाव घालते,” भाची मान वर न करता म्हणाली. “पूर्ण नाव, आडनावासकट. सगळ्यांना कळू दे.”

लोकांची हजारो नावं धाकटीने अक्षर अक्षर करून तपासली होती. स्वतःचं नाव प्रूफात कसं दिसेल याचा तिने क्षणभर विचार केला. त्या नावाने पूर्वी कोण हाक मारायचं, तेही तिला पटकन आठवेना.

“नाव नको,” ती म्हणाली. “मावशी लिही. शी दीर्घ.”